पडलेला क्रेट आणि अंगठ्याचं मशीन

रत्नागिरी तालुक्यातल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या ताईंचं पत्र आलं आहे. चार पानी आहे. त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देतो.

‘मी बारा सीझन इथे आहे. पहिले सात टेबलावर आंबे कापायला होते, गेली पाच वर्षं सुपरवायझर. बायका सगळ्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या. पूर्वी कोणाला काही सांगावं लागत नसे. एकीचं पोर आजारी असलं तर दुसरी तिचं टेबल सांभाळायची. लाईट गेली की सगळ्या मिळून ओले डबे पुसून काढायच्या. संध्याकाळी पिकलेला माल उरला असेल तर “संपवूनच जाऊ” म्हणायच्या. गेल्या वर्षी धाकट्या शेठनी कारभार हातात घेतला आणि अंगठ्याचं मशीन बसवलं. सकाळी पंधरा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. एसटी वेळेवर येत नाही असं बायकांनी सांगितलं, तर म्हणाले मशीनला कारणं कळत नाहीत. संध्याकाळचाही ठसा घेतात, पण सहानंतरचा वेळ धरत नाहीत. यंदा डबे तेवढेच भरतात, त्यामुळे शेठना काही जाणवत नाही. पण परवा पॅसेजमध्ये पिकलेल्या आंब्यांचा क्रेट आडवा झाला. तासभर तसाच. बायका वळसा घालून जात होत्या. एकीला मी बोलले तर म्हणते, “ता माज्या कामात नाय.” फक्त एक थोरल्या बाई आहेत, त्या अजून सगळ्यांचं करतात. शेठ म्हणतात, मोबाइलमुळे लोकांची वृत्तीच बिघडली. त्यांनी उपाय काढलाय. जी दुसरीला मदत करेल तिला फळ्यावर गुण, आणि सीझन संपताना सगळ्यांत जास्त गुणवालीला पाचशे रुपये आणि साडी. गुण मी द्यायचे. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. बायकांची वृत्ती कशी सुधारायची?’

ताई, पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि मला तेच मोलाचं वाटलं. ‘डबे तेवढेच भरतात.’

माणूस नाराज झाला की काम कमी करतो, असं आपण धरून चालतो. तुमच्या लाईनवर बघा. गर काढणाऱ्या पल्परचा वेग ठरलेला, डबा बंद करणाऱ्या सीमरचा वेग ठरलेला. टेबलावरची बाई खूश असो की खट्टू, पट्टा तेवढ्याच गतीने पुढे सरकणार आणि तीन किलो शंभर ग्रॅमचा डबा भरल्याशिवाय बंद होणार नाही. मनात राग असला तरी तो डब्यांच्या आकड्यात शिरायला जागाच नाही. मग तो जातो कुठे? जिथे करणं न करणं माणसाच्या स्वतःच्या हातात असतं तिथे. पडलेल्या क्रेटपाशी.

डेनिस ऑर्गन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने नेमकं हेच धरून आपली सगळी मांडणी केली. समाधानी कामगार जास्त उत्पादन देतो हे कारखान्यांत म्हणावं तसं सिद्ध होत नव्हतं, तरी साध्या मुकादमालाही त्यात तथ्य वाटत होतं. ऑर्गनचं म्हणणं असं की मुकादम खोटा नाही, तो उत्पादन या शब्दात वेगळंच काही मोजतोय. न सांगता दुसऱ्याला हात देणं, आपल्यामुळे पुढच्याची अडचण होणार असेल तर आधी कळवणं, बारीकसारीक गैरसोयीचा बभ्रा न करणं, कोणी बघत नसतानाही नीट वागणं, आणि चार लोकांच्या कामात आपलं म्हणून लक्ष घालणं. नेमणुकीच्या कागदावर यातलं काही नसतं, याचा पगार नसतो, केलं नाही म्हणून कोणी काढूनही टाकत नाही. १९८८ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि या पाचही गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या.

तुमच्याकडे त्या रोज दिसत होत्या. कापणारी बाई ‘ह्या ढिगात साका फार निघतोय गो’ म्हणून ओरडते तेव्हा ती पुढच्या टेबलाची सोय बघते. साका म्हणजे आतून खराब झालेला गर. तो आंब्याच्या पोटात असतो, कापल्याशिवाय कळत नाही, आणि तिने सांगितलं नाही तर तिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. थंड पाण्यातून काढलेले डबे तसेच ओले ठेवले तर गंजतात. ते पुसायला तुमच्याकडे वेगळं माणूस नाही हे पत्रावरूनच कळतं. हे कोणाचंच काम नव्हतं, म्हणून सगळ्यांचं होतं. आता कोणाचंच काम नाही म्हणून ते कोणीच करत नाही. बायका त्याच, डबे तेच.

आता शेठच्या ‘वृत्ती बिघडली’कडे येऊ. ही मदत मुळात स्वभावातून येते की कामाबद्दलच्या भावनेतून, हा प्रश्न बऱ्याच जणांनी तपासलाय. ऑर्गन आणि कॅथरीन रायन यांनी १९९५ मध्ये तोवर झालेले पंचावन्न अभ्यास एकत्र मांडून पाहिले. कामावरचं समाधान, आपल्याशी न्यायाने वागतात ही खात्री, जागेबद्दलचा आपलेपणा आणि वरच्याचा आधार, यांचा या मदतीशी संबंध पक्का निघाला. स्वभावाच्या मोजमापांचा, एका काटेकोरपणाचा अपवाद सोडला तर, फारसा निघाला नाही. अर्थात संबंध म्हणजे पूर्ण उलगडा नव्हे. काही माणसं जात्याच पुढे होणारी असतात, आणि काही साहेब बघत असेल तेव्हाच पुढे होतात. दोन्ही जाती तुम्ही बारा सीझनमध्ये पाहिल्या असतील. पण आजूबाजूच्या वाड्यांतल्या वीस-पंचवीस बायकांचा स्वभाव एकाच एप्रिलमध्ये बदलला, हे मोबाइलला कसं जमलं ते मला कोणीतरी समजावून सांगावं. याच बायका पावसाळा लागला की एकमेकींच्या शेतावर लावणीला जातील. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सावडीला त्या यंदाही जाणार आहेत, बघा. म्हणजे वृत्ती शाबूत आहे. ती तुमच्या गेटच्या आत येत नाही, एवढंच.

गेटवर काय आहे? मशीन.

मशीनवर माझा राग नाही. हजेरी नीट लागली तर गरिबाचाच फायदा होतो, मुकादमाच्या मर्जीवर दिवस भरण्याचा जमाना आपण पाहिलाय. पण तुमचं मशीन एकाच बाजूने मोजतं. सकाळची सतरा मिनिटं त्याला कळतात आणि संध्याकाळची पन्नास मिनिटं कळत नाहीत. कळतात खरं तर. ठसा उमटतोच, शेठ धरत नाहीत एवढंच. बाईच्या डोक्यात हिशोब सरळ आहे. माझं कमी पडलं की कापतात, माझं जास्त झालं की ते ‘सहकार्य’. बरं, मग मी बरोबर तेवढंच देते.

याला नियमाप्रमाणे काम म्हणतात, आणि ते आंदोलन म्हणून वापरतात हे तुम्हाला मुंबईच्या बातम्यांतून माहीत असेल. माणसं संपावर जात नाहीत, फक्त पुस्तकात लिहिलंय तेवढंच आणि तसंच करतात, आणि सगळा कारभार कोलमडतो. डॅनियल काट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये लिहिलं होतं की जी संस्था फक्त ठरवून दिलेल्या कामांवर चालते ती फार ठिसूळ असते. तुमच्या बायकांनी कुठली घोषणा दिली नाही, निवेदन दिलं नाही. वळसा घातला.

माझ्याकडेही अशी एक गोष्ट आहे. चिपळूणला एका संस्थेत मी होतो, नाव सांगत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर. पाणी ओसरल्यावर ऑफिसात गुडघ्याएवढा चिखल. कोणाला बोलावलं नव्हतं, तरी सतराजण आले. रजिस्टरं पानापानाने सुटी करून हॉलमध्ये दोऱ्या बांधून वाळत घातली. लाईट आली तेव्हा आमच्या शिपायाने घरचा टेबलफॅन आणला, आणि सहा दिवस तो आमच्या खतावण्यांवर फिरत होता. घरी त्याच्या भिंतीला ओल. पगाराच्या दिवशी कळलं की पुराचे पहिले दोन दिवस जे आले नाहीत त्यांची बिनपगारी धरली, कारण रजेचा अर्ज वेळेत आला नाही. ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी होतं त्यांचीही. शिपायाचीही. वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. पुढे ते पैसे परत मिळाले, दोन महिन्यांनी, आणि कोणी काही बोललं नाही. पण नंतरच्या पावसाळ्यात नदीचं पाणी वाढतंय म्हणून कळलं, तेव्हा खालच्या कपाटातले दप्तर वर चढवायला मी आणि शिपाई दोघेच होतो. तो आला कारण मी त्याच्या घरी गेलो. मला ‘नाही’ म्हणता आलं नाही त्याला.

पैसे दोन दिवसांचे होते. जखम त्या पैशांची नव्हती, ते सांगण्याच्या पद्धतीची होती. रॉबर्ट मूरमन या अभ्यासकाने १९९१ मध्ये न्यायाचे वेगवेगळे पदर सोडवून पाहिले: वाटणी योग्य झाली का, पद्धत योग्य होती का, आणि ती राबवताना वरचा माणूस कसा वागला. मदतीच्या वागण्याशी खरा धागा जुळला तो या शेवटच्याशी. ‘मशीनला कारणं कळत नाहीत’ हे शेठचं वाक्य मला त्या अर्ध्या दिवसाच्या कापणीपेक्षा महाग वाटतं. मशीनला कळत नाहीत हे बायकांनाही ठाऊक आहे हो. त्या मशीनशी नव्हे, शेठशी बोलत होत्या.

आता गुणांचा फळा. तो तुम्हाला का पटत नाही ते सांगायचा प्रयत्न करतो.

समजा पाच गुण क्रेट उचलण्याचे. मग क्रेट पडला की दोघी धावतील आणि तिसरी, जी शेजारणीचं टेबल सांभाळत होती आणि तुमच्या नजरेत नव्हती, ती मनात म्हणेल, ‘माझं कुठे लिहिलंस?’ तुम्ही तर सगळ्या हॉलवर लक्ष ठेवू शकत नाही. आठवड्याभरात तुमच्या हातातल्या खडूवर संशय येईल. न्यायाचा प्रश्न सुटलेलाच नाही, त्यावर तुम्ही आणखी एक न्यायाचा प्रश्न ठेवताय, आणि या वेळी तो तुमच्या नावावर. आणि जिला शून्य गुण मिळतील तिचं काय? फळ्यावर शून्य वाचायला वाडीतली शेजारीण आहेच.

त्याच्याही पुढची पायरी वाईट आहे. गुण ठेवले की मदत ही अपेक्षा होते, अपेक्षेचा दट्ट्या होतो, आणि मग न करणारीला जाब. हैफा विद्यापीठातल्या एरान विगोडा-गादोतने २००६ च्या सुमारास याला सक्तीची सौजन्यशीलता अशा अर्थाचं नाव दिलं. वरून दिसायला मदत, आतून बळजबरी. सक्तीच्या जागी ताण वाढतो आणि माणसं नोकरी सोडायचा विचार करू लागतात, असं त्याला दिसलं. तुमच्याकडे सोडून जायला फार जागा नाहीत, हे मला माहीत आहे. शेठनाही माहीत आहे, आणि बहुधा ते त्यावरच विसंबून आहेत: ‘जातील कुठे?’ राहण्याचेही प्रकार असतात, ताई. इथलं आपलं वाटतं म्हणून राहणं एक, आणि दुसरीकडे सोय नाही म्हणून राहणं दुसरं. जॉन मेयर आणि नॅटली अॅलन यांनी हा फरक कॅनडात बसून मांडला, पण तो समजायला कॅनडाला जायला नको. मुंबईला न गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. दुसऱ्या प्रकारे राहिलेला माणूस हजेरी पूर्ण देतो. क्रेट उचलत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या विरोधातही सांगायला हवी. पत्रात तुम्ही ‘पूर्वीची मदत’ म्हणून ज्या गोष्टी लिहिल्यात, त्या सगळ्या मदत नव्हत्या. शेजारणीचं टेबल सांभाळणं ही मदत. ‘संपवूनच जाऊ’ म्हणत रात्री आठपर्यंत थांबणं हा जादा वेळ, आणि ठरलेल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला नियम आहे. मोठ्या शेठच्या काळात त्या बदल्यात काहीतरी मिळत असणार: कोणाला गणपतीला उचल, कोणाला पोराच्या प्रवेशाला चिठ्ठी, पेटीभर आंबे. कागदावर नव्हतं, पण देणंघेणं होतं. धाकट्यांनी देण्याची बाजू बंद केली आणि घेण्याची तशीच राहील असं धरलं. तेव्हा जुन्या दिवसांचं कौतुक जरा बेताने करा. बायका हे बरोबर ओळखून आहेत, फक्त त्या तुमच्यापुढे बोलणार नाहीत.

करायचं काय, ते आता. सीझन अजून तीन-चार आठवडे आहे, म्हणून फार मोठं काही सुचवत नाही.

शेठशी बोला, पण ‘बायका नाराज आहेत’ असं बोलू नका. ते ऐकतील आणि मोबाइलवर येतील. त्यांच्याच भाषेत जा. एक आठवडा साधी वही ठेवा: किती डबे न पुसल्याने बाजूला काढावे लागले, किती किलो पिकलेला माल संध्याकाळी टेबलावर राहून सकाळी फेकला, साक्याचा ढीग न सांगता पल्परमध्ये गेला तेव्हा किती बॅच पुन्हा बघावी लागली. डब्यांच्या संख्येत हे दिसत नाही म्हणून त्यांना जाणवत नाही. दिसू दे. मग एकच मागणी करा: ठसा दोन्ही बाजूंनी धरा. सहानंतरचा वेळ नियमाने द्या, आणि सकाळी एसटीच्या वेळेप्रमाणे पहिल्या अर्ध्या तासाची सवलत किंवा निदान जेवढी मिनिटं तेवढीच कापणी. खर्च होईल, होऊ दे. आणि जो निर्णय होईल तो शेठनी स्वतः हॉलमध्ये येऊन सांगावा, बायकांचं ऐकून घेऊन. तुमच्या तोंडून नको. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तरी कारण सांगून म्हटलेलं ‘नाही’ बायकांना चालतं. मशीनकडे बोट दाखवून म्हटलेलं चालत नाही.

डबे पुसणं हे काम कोणाच्या तरी नावावर लावा, आळीपाळीने, कामाच्या वेळेत. जे रोज लागतं ते लोकांच्या चांगुलपणावर सोडणं ही आळशी व्यवस्था आहे. मदत शिल्लक राहू दे लाईट जाण्यासाठी, पोराच्या तापासाठी, अवचित आलेल्या पावसासाठी.

आणि त्या थोरल्या बाई. त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘त्या अजून सगळ्यांचं करतात’, जरा सुटकेच्या स्वरात. मला त्यांची काळजी वाटते. बाकीच्यांनी हात आखडता घेतला की जे उरतं ते सगळं अशा एकीवर येऊन पडतं. बाईमाणूस असली की आणखी गोम आहे. मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांच्या २००५ च्या प्रयोगांत असं दिसलं की पुरुषाने कामात मदत केली तर त्याचं कौतुक होतं आणि केली नाही तर फारसं बिघडत नाही. बाईने केली तर ते गृहीत धरतात आणि नाही केली तर तिच्यावर ठपका येतो. तुमच्या बॉयलरवरच्या पोराने एखादा क्रेट उचलला तर तुम्ही ‘शाब्बास’ म्हणाल. बाईंना शेवटचं कधी म्हणालात? फळा झालाच तर साडी त्यांनाच मिळेल हे सगळ्यांना आजच ठाऊक आहे, आणि सगळ्या त्यांना ‘शेठची’ म्हणायला लागतील. साडीपेक्षा त्यांना दुपारी अर्धा तास बसायला खुर्ची द्या, आणि जे तुम्ही त्यांच्याकडे सवयीने ढकलता त्यातलं निम्मं स्वतः करा.

राहिली ती ‘ता माज्या कामात नाय’ म्हणणारी. तिच्यावर चिडू नका. सगळ्यांच्या मनातलं तिने तोंडावर सांगितलं, आणि तेही तुम्हाला, शेठला नाही. याचा अर्थ तुमच्यावर तिचा अजून थोडा भरवसा आहे. एकदा दोघीच असताना तिला विचारा, ‘मग कोणाच्या कामात गो?’ आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. तुम्ही सात वर्षं त्याच टेबलावर होतात. तिला ते माहीत आहे.

पुढच्या पत्रात दोन गोष्टी जरूर कळवा. संध्याकाळच्या ठशाचं काय ठरलं, आणि तासभर पडलेला तो क्रेट शेवटी उचलला कोणी. चार पानांत तेवढंच लिहायचं राहिलंय.